ब्रह्मदेशातील विद्येची घराणी आणि आपले नागपूर

ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दोन प्रकारच्या मजकुरास नेहमीच मानाचे स्थान मिळत आले आहे. एक म्हणजे आपल्या जुन्या घराण्यांची हकीकत, आणि दुसरा म्हणजे त्या त्या वर्षीच्या गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली. पहिल्यात कुळाचा अभिमान असतो, दुसऱ्यात विद्येचे कौतुक असते. हे दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी शेजारी छापले जातात, त्यामुळे त्यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. घराणे थोर म्हणून विद्या येते, की विद्या आली म्हणून घराण्यास थोरवी येते? आणि घराणे मोडले, तर विद्येचे काय होते?

या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात ब्रह्मदेशाच्या उदाहरणावरून करणार आहोत. धरमपेठेतल्या वाचकास ब्रह्मदेश फार दूरचा वाटेल. परंतु परक्याच्या अंगणात उभे राहून पाहिले म्हणजे स्वतःच्या घराचा आकार अधिक स्पष्ट दिसतो. शिवाय हा देश आपणांस वाटतो तितका परका नाही. त्याच्या शाळांचा, गुरुजनांचा आणि राजघराण्याचा धागा एकदा रत्नागिरीस आणि एकदा प्रत्यक्ष आपल्या नागपुरास येऊन मिळाला आहे.

ज्यास आज म्यानमार म्हणतात तो ब्रह्मदेश १९३७ सालापर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. नागपूरकरांस तर या इतिहासात एक ओळखीची खूण सापडेल. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने १८५२ सालच्या युद्धात दक्षिण ब्रह्मदेश जिंकून घेतला. त्यानंतर वर्षभरातच, ११ डिसेंबर १८५३ रोजी, तिसरे रघुजी भोसले निवर्तले आणि त्यांना औरस पुत्र नाही या सबबीवर त्याच डलहौसीने १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. एकाच हाताने दोन्ही मुलुख घेतले. फरक इतकाच, की उत्तर ब्रह्मदेशात मिंडॉन राजाची गादी आणखी तीस-बत्तीस वर्षे शिल्लक राहिली.

ब्रह्मी भाषेत शाळेस ‘क्यौंग’ म्हणतात, आणि भिक्षूंच्या विहारासही ‘क्यौंग’च म्हणतात. दोन वस्तूंना एक शब्द असावा याचे कारण त्या देशात त्या दोन वस्तू मुळात एकच होत्या. विद्यार्थ्यास ‘क्यौंगथा’ म्हणजे ‘विहाराचा पुत्र’ म्हणत. बहुतेक प्रत्येक गावास एखादा विहार असे, आणि गावातील मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की तेथील भिक्षूकडे अक्षर गिरवावयास जाई. काळ्या पाटीवर तो जी मुळाक्षरे काढी ती क, ख, ग, घ याच क्रमाने येतात. आपल्या बाराखडीची आणि त्यांच्या वर्णमालेची जननी एकच, ती ब्राह्मी लिपी. अक्षर बसले की मुलाकडून मंगलसुत्तासारखे पाली पाठ मुखोद्गत करून घेत. शिकविणाऱ्या भिक्षूस पगार नव्हता आणि शिकणाऱ्यास फी नव्हती. मुलाने विहाराचे अंगण झाडावे, पाणी भरावे, भिक्षेच्या फेरीत गुरूंच्या मागून चालावे, आणि गावाने विहारास अन्न पुरवावे, एवढाच व्यवहार होता. शेतकऱ्याचा मुलगा आणि अंमलदाराचा मुलगा एकाच जमिनीवर बसे. ब्रिटिश अमदानीतील जनगणनांत पुरुषांच्या साक्षरतेच्या बाबतीत ब्रह्मदेश हा प्रांत हिंदुस्थानातील इतर प्रांतांच्या बराच पुढे दिसतो, त्याचे मूळ या विहारशाळांत आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकणे इतिहासास धरून होणार नाही. विहारात मुलींना शिकण्यास बहुधा जागा नसे. त्यांना शिकायचे तर गावातील एखाद्या गृहस्थ शिक्षकाकडे जावे लागे, आणि तशा मुली थोड्याच असत. तसेच देवस्थानांच्या सेवेस पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेला जो वर्ग होता, त्याचा स्पर्शव्यवहार इतर समाज टाळीत असे. जातिभेद न मानणाऱ्या धर्माच्या देशातही जन्मावरून माणूस दूर ठेवण्याची खोड पूर्णपणे गेली नव्हती, हे आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

मिंडॉन राजा धर्मशील आणि दूरदृष्टीचा होता. त्याने १८५७ साली मंडाले हे नवे राजनगर वसविले, १८७१ साली तेथे पाचवी बौद्ध धर्मसंगीती भरविली, आणि संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतले. परंतु इंग्रजांची विद्या शिकल्यावाचून यापुढे राज्य टिकणार नाही, हेही त्याने ओळखले होते. रंगून येथे १८६४ साली सेंट जॉन्स कॉलेज स्थापन करणारे मिशनरी शिक्षक डॉ. जॉन मार्क्स यांना त्याने मंडालेस बोलाविले आणि स्वतःच्या खर्चाने शाळा बांधून दिली. त्या शाळेत राजपुत्र हत्तीवर बसून, सोनेरी छत्र्या धरविलेल्या अशा थाटात येत. राजपुत्र वर्गात शिरले की रयतेच्या मुलांनी जमिनीवर लोटांगण घालावे, असा तेथला रिवाज होता. विहारातील समान बैठक आणि या शाळेतील लोटांगण यांत किती अंतर पडले! काही वर्षांतच राजाची मर्जी फिरली आणि डॉ. मार्क्स यांस मंडाले सोडावे लागले. या शाळेत जाणाऱ्या राजपुत्रांत एक थिबा होता.

थिबा विहारातही शिकला होता आणि पाली धर्मग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण झाला होता. म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही विद्या त्याच्या वाट्यास आल्या होत्या. पण १८७८ साली तो गादीवर आला आणि पुढल्याच वर्षी गादीचे दावेदार होतील या भीतीने त्याच्या दरबाराने राजघराण्यातील अनेक स्त्रीपुरुषांची हत्या करविली. घराण्याने घराण्याचाच संहार केला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रज फौज मंडालेत शिरली, थिबा आणि राणी सुपयालत यांना कैद करून मद्रासेस आणले गेले, आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेशही इंग्रजी राज्यात सामील झाल्याचे जाहीर झाले.

एप्रिल १८८६ मध्ये हे राजकुटुंब रत्नागिरीस आले. समुद्राकडे तोंड केलेला तेथील थिबा राजवाडा १९१० साली बांधून झाला, आणि त्यात जेमतेम सहा वर्षे राहून डिसेंबर १९१६ मध्ये थिबा राजा रत्नागिरीतच वारला. त्याची समाधी तेथेच आहे. इतिहासाचा योगायोग असा, की १९०८ ते १९१४ या काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात बंदिवान होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे हे संस्थापक-शिक्षक तुरुंगाच्या लाकडी खोलीत ग्रंथ वाचीत, नव्या भाषा शिकत, आणि ‘गीतारहस्य’ लिहीत होते. राजापाशी मात्र वेळ घालविण्यास तसे साधन नव्हते. येथे कोणाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्यास विद्येचे व्यसन आहे त्यास कैद वेगळी भोगावी लागते, एवढे यावरून दिसते.

थिबाच्या चार मुलींची हकीकत अधिक करुण आहे. दोघी मंडालेस जन्मल्या, तिसरी मद्रासेस आणि चौथी रत्नागिरीस. त्यांच्यासाठी शिक्षिका ठेवण्याचे प्रयत्न अधूनमधून झाले; परंतु नियमित शाळा, बरोबरीच्या मैत्रिणी, परीक्षा, यांपैकी काहीही त्यांना लाभले नाही. राजकन्यांनी इतरांच्या पंक्तीस कसे बसावे, हा कुळाचा प्रश्न होता, आणि कैद्यांच्या मुलींवर किती खर्च करावा, हा सरकारचा. या दोहोंच्या मध्ये त्यांचे बालपण निघून गेले. थोरल्या राजकन्येस राजवाड्यातील एका मराठी नोकरापासून १९०६ साली कन्या झाली. १९१९ साली राणी आणि मुली ब्रह्मदेशास परतल्या. पण थोरली राजकन्या आपल्या मुलीसह पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ साली तेथेच मरण पावली. तिची कन्या टूटू ही कोकणची होऊन गेली. मराठी बोलली, मराठी संसार केला, आणि गरिबीत दिवस काढून २००० साली निवर्तली. मंडालेच्या सिंहासनाची ही नात होती. सोनेरी छत्र्या सुटल्यावर जे हाताशी राहावयास हवे होते, ते तिला कोणी दिलेच नव्हते.

आता याच देशातील दुसऱ्या प्रकारच्या घराण्यांकडे पाहू. ऊ पेइन नामक गृहस्थाचे चार पुत्र विद्येच्या बळावर पुढे आले. टिन टुट हे आय. सी. एस. मध्ये प्रवेश मिळविणारे पहिले ब्रह्मी गृहस्थ, आणि पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले परराष्ट्रमंत्री. क्यॉ मिंट हे न्यायमूर्ती. आंग सान यांच्या खुनाचा खटला ज्या विशेष न्यायासनापुढे चालला त्याचे ते अध्यक्ष होते. मिंट थेइन हे देशाचे सरन्यायाधीश झाले. चौथे टिन आंग हे इतिहासकार आणि रंगून विद्यापीठाचे प्रमुख. त्याचप्रमाणे बॅरिस्टर मे आउंग यांची कन्या मिया सेइन हिने ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले, आणि १९३१ साली लंडन येथे भरलेल्या ब्रह्मदेश गोलमेज परिषदेत आपल्या देशाच्या स्त्रियांचे प्रतिनिधित्व केले. राजाच्या मुली त्याच पिढीच्या आसपासच्या. एकीकडे बापाने मुलीस शाळेत पाठविले, दुसरीकडे मुलगी राजवाड्यातच राहिली. दोन्ही ठिकाणी मुलींची बुद्धी कमी-अधिक होती असे मानण्यास काही आधार नाही.

परंतु केवळ मोठ्या घरांच्या आधारे राष्ट्र शिकत नाही. १९२० साली रंगून विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे नियम मूठभर सुखवस्तूंनाच परवडतील असे आहेत, या तक्रारीवरून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी बहिष्कार पुकारला. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपुरात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले आणि असहकाराचा ठराव मंजूर होऊन सरकारी शाळांवरील बहिष्कार हा त्याचा भाग ठरला. दोन शहरांत एकाच महिन्यात एकच प्रश्न उभा राहिला, की शाळा कोणाची? ब्रह्मदेशात त्या चळवळीतून लोकवर्गणीवर चालणाऱ्या ‘राष्ट्रीय शाळा’ निघाल्या, आणि त्या बहिष्काराच्या स्मरणार्थ तेथे राष्ट्रीय दिन पाळला जाऊ लागला. पांटानॉ या लहानशा गावाच्या राष्ट्रीय शाळेचे तरुण मुख्याध्यापक ऊ थांट हे १९६१ ते १९७१ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते. मंडालेच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक अब्दुल रझाक यांचे वडील हिंदी मुसलमान आणि आई ब्रह्मी बौद्ध. ते देशाचे शिक्षणमंत्री झाले आणि १९ जुलै १९४७ रोजी आंग सान यांच्याबरोबरच गोळ्यांस बळी पडले. या दोघांना कोणी कुळ विचारले नाही. त्यांची ओळख त्यांच्या शाळेवरून झाली.

येथवर परदेशाची हकीकत झाली. आता नागपुराकडे वळू. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येथे आले आणि त्यांनी इंग्रजी शाळेचा पाया घातला. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज, १८८५ साली मॉरिस कॉलेज आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले. या संस्थांमुळे आपल्या कित्येक घराण्यांस वकिली, अध्यापन आणि सरकारी नोकरीची दारे उघडली, आणि त्यांचा सार्थ अभिमान अशा स्मरणिकांतून नेहमी व्यक्त होतो. पण याच नगरात, याच काळात, एका मोठ्या समाजाच्या मुलांना ही दारे बंद होती किंवा अर्धवट किलकिली होती. त्या समाजातील किसन फागोजी बनसोड यांनी छापखाना काढला, पत्रे चालविली आणि मुलींसाठी चोखामेळा यांच्या नावाने शाळा घातली. जाईबाई चौधरी यांनी तर नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहून पोट भरले. मिशनच्या एका जोगिणीच्या साहाय्याने त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली; परंतु अस्पृश्य बाई आपल्या मुलांस शिकविते हे कळताच वरच्या जातींच्या पालकांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी स्वतःच मुलींची शाळा काढली. ओरड करणारे ते पालक कोणत्या घराण्यांतले होते, हे कोणत्याही स्मरणिकेत छापलेले नाही. जाईबाईंचे नाव मात्र शिल्लक आहे. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांनी या गोष्टीचा विचार स्वस्थ चित्ताने करावा, अशी आमची विनंती आहे.

धरमपेठेतून शंकरनगर, बजाजनगर ओलांडून गेले की दीक्षाभूमी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, तेथील मोकळ्या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी सविताबाई यांनी त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले, आणि मग स्वतः बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायास दीक्षा दिली, हे सर्वांस ठाऊक आहे. बाबासाहेबांना दीक्षा देणारे ऐंशी वर्षांचे भिक्षू कोण होते, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. ते ऊ चंद्रमणी महास्थविर हे ब्रह्मदेशातील आराकान प्रांतीच्या अक्याबचे. १८७६ साली त्यांचा जन्म झाला, १८९१ साली ते पंधरा वर्षांचे असताना हिंदुस्थानात आले, आणि बुद्धाचे जेथे महापरिनिर्वाण झाले त्या कुशीनगरात त्यांनी आयुष्य काढले. तेथे त्यांनी केवळ मंदिर सांभाळले नाही. ते ‘क्यौंग’च्या परंपरेतले असल्यामुळे विहार म्हणजे शाळा हेच त्यांस ठाऊक होते. कुशीनगरात प्राथमिक शाळेपासून महाविद्यालयापर्यंत शिक्षणसंस्था उभ्या करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि ‘धम्मपदा’चा त्यांनी हिंदी अनुवादही केला. १९७२ साली ते निवर्तले.

बाबासाहेबांनाही ब्रह्मदेश अपरिचित नव्हता. १९५४ साली ते दोनदा रंगूनला गेले होते. त्यांपैकी डिसेंबरातील भेट जागतिक बौद्ध परिषदेसाठी होती. त्यांनी स्वतः १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून मुंबईस सिद्धार्थ आणि औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद ही महाविद्यालये काढली होती. दीक्षाभूमीवरही १९६४ साली डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. ज्या भूमीवर ब्रह्मी भिक्षूने पाली शब्द उच्चारले, त्या भूमीवर आठ वर्षांत विद्यार्थी बसू लागले. विहार आणि शाळा एकाच जागी नांदावे ही ‘क्यौंग’ची कल्पना येथे, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मराठी मुलुखात रुजली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इकडे खुद्द ब्रह्मदेशात दिवस पालटले. १९६२ साली लष्कराने सत्ता घेतली, आणि १९६५ सालापासून खासगी शाळा सरकारजमा होऊ लागल्या. रंगूनची १८६० सालापासूनची सेंट पॉल्स शाळा आपले नाव गमावून एका क्रमांकाने ओळखली जाऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या लक्षावधी हिंदी लोकांस उद्योगधंदे सोडून परतावे लागले. मंडालेच्या मारवाडी व्यापारी घराण्यातील सत्यनारायण गोएंका यांचेही कारखाने गेले. परंतु अकाउंटंट जनरल असलेले ऊ बा खिन या गृहस्थ गुरूंपासून शिकलेली विपश्यना त्यांनी १९६९ साली भारतात आणली, आणि १९७६ साली इगतपुरीस तिचे केंद्र स्थापन झाले. कारखाना सरकारजमा होऊ शकला, पण शिकलेली विद्या होऊ शकली नाही. आणि विहारांतील शाळा? राजा गेला, इंग्रज गेले, खासगी शाळा गेल्या, तरी त्या कोठे ना कोठे तग धरून राहिल्या. मंडालेस १९९३ साली सुरू झालेल्या फाउंग डॉ ऊ या विहारशाळेत तर गरिबांची मुले हजारांनी शिकली आहेत, आणि त्यांत मुलीही आहेत.

एवढ्या विवेचनावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. घराणे थोर असले तरी विद्या आपोआप येत नाही, हे थिबाच्या मुलींनी दाखविले. विद्या आली तर घराणे उभे राहते, हे ऊ पेइन यांच्या पुत्रांनी दाखविले. पण याहून मोठी गोष्ट जाईबाई चौधरी आणि चंद्रमणी महास्थविर यांनी दाखविली. विद्या आपल्या घरापुरती राखून न ठेवता परक्याच्या मुलास दिली, तरच ती एका पिढीपलीकडे टिकते. चंद्रमणींना मूलबाळ नव्हते, आणि कुशीनगरचे लोक त्यांच्या कुळाचे नव्हते. तरी त्यांचे नाव तेथल्या शाळांत राहिले आहे.

म्हणून आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस दोन सूचना कराव्याशा वाटतात. आपापल्या घरात वडीलधाऱ्यांपाशी बसून, त्यांना कोणी शिकविले, कोणत्या शाळेत शिकविले, त्या वर्गात कोणाला बसू दिले जात होते आणि कोणाला नाही, हे विचारून लिहून ठेवावे. वंशावळी पुष्कळ घरांत आहेत. गुरूंची अशी यादी क्वचितच सापडते, आणि सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. दुसरी सूचना अशी, की मंडळाच्या विद्यार्थिनिधीतून दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती आपल्या ज्ञातीबाहेरील गरजू मुलीस द्यावी. यास कोणी म्हणेल, ज्ञातिमंडळाचा पैसा ज्ञातीसाठीच असावा. हा आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही, कारण वर्गणी ज्ञातीची आहे. परंतु आपल्यांपैकी जे शिकले ते केवळ ज्ञातीच्या पैशावर शिकले नाहीत. मिशनच्या शाळा, लोकांच्या देणग्या आणि साऱ्या रयतेच्या करातून चाललेली विद्यालये यांचा त्यांत मोठा वाटा आहे. ते ऋण ज्ञातीच्या आत फेडता येण्यासारखे नाही.

येत्या विजयादशमीस सोने वाटून झाल्यावर सभासद कुटुंबांनी मुलाबाळांसह दीक्षाभूमीपर्यंत पायी जावे आणि तेथे त्यांना अक्याबच्या त्या वृद्ध शिक्षकाची गोष्ट सांगावी, एवढे सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो.